युसुफचा गुडघा

९ जानेवारी
टीम आज गेली. शेजारची उम्म युसुफ, म्हणजे युसुफची आई, सकाळपासून घरात येऊन-जाऊन आहे. आधी हलवा घेऊन आली, मग खजूर, मग नुसतीच. तिचा युसुफ ओमानच्या टीममध्ये, फुटबॉलच्या आशिया कपला! आमच्या कंपाउंडवर बॉल मारमारून गिलावा पाडणारा. शाळेतून येऊन माझ्या मुक्ताबरोबर ओट्यापाशी उभ्याने थालीपीठ खाणारा, तिच्याकडून चार शब्द मराठी उचललेला. मुक्ताला बंगलोरला कळवलं. तिने हार्ट पाठवलं, बस.
आमचा नवरोबा श्री म्हणतो, राखीव आहे, खेळवतीलच असं नाही. हे उ. यु.समोर बोलला नाही, नशीब.

१२ जानेवारी
पहिली मॅच, जॉर्डनशी. उ. यु.च्या घरी पाहुण्यांची गर्दी, दोन खोल्यांत दोन टीव्ही, आणि ही माझ्या दारात. अंगावर काळा अबाया, पायात युसुफचे जुने बूट.
"नीला, चल. अंदर बैठूँगी तो मर जाऊँगी."
ती बलुची. हिंदी माझ्याहून बरं.
अल हैलचा किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती पुढे, मी मागे. गाड्या समुद्राकडे तोंड करून उभ्या, प्रत्येकीत रेडिओ. आवाज चढला की ही कानावर हात ठेवणार, आणि लगेच मला विचारणार, काय झालं. माझं अरबी फिजिओथेरपीच्या क्लिनिकपुरतं, 'इथे दुखतं का' आणि 'श्वास सोडा'. एका गाडीत कराक चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारत राहिले. गोल नाही. शेवटपर्यंत कुणाचाच नाही. युसुफ बाकावरच.
उ. यु. वाळूत बसली आणि हसत सुटली. तिला वाईट वाटलं की सुटल्यासारखं, कळेना. तिलाही कळलं नसावं.

१४ जानेवारी
रविवार, इथला कामाचा दिवस. दोन पेशंटच्या मधे युसुफचा फोन. आधी श्रीची चौकशी, क्लिनिकची चौकशी. मग म्हणाला, आंटी, टेप लावून खेळलं तर गुडघ्याला चालतं ना?
कुणाच्या गुडघ्याला?
त्याच्याच. जायच्या आधीपासून. वळताना आत काहीतरी अडकतं, झटकलं की सुटतं. फोटो पाठवला. सूज स्पष्ट. म्हटलं, आजच्या आज टीमच्या डॉक्टरला दाखव. तर म्हणे, दाखवलं तर घरी पाठवतील. त्यांना फक्त टाच दुखते असं सांगितलंय.
"मम्मा को मत बताना, आंटी."
हो म्हणाले. का म्हणाले? फोन ठेवायचा होता म्हणून.
श्रीचं म्हणणं, तो तुझा पेशंट नाही, शेजारचा पोर आहे, मधे पडू नकोस. पेशंट असता तर मधे पडू का, हे नाही सांगितलं त्याने.

१७ जानेवारी
इराकशी. पुन्हा किनारा. एकेक गोल झाला होता. दुसऱ्या हाफमध्ये कुठल्याशा गाडीतून युसुफचं नाव ऐकू आलं. आत घेतला होता त्याला. उ. यु.ने माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही.
मला चालवेना. प्रत्येक वेळी त्याचं नाव आलं की मी जागच्या जागी थांबत होते. तिला वाटलं मीही तिच्यासारखीच घाबरलेय. म्हणाली, तू तर माझ्यापेक्षा कच्ची निघालीस.
मॅच संपत आली होती. इराकचा गोल. युसुफच्या बाजूने आला. गाडीतल्या मुलांनी डॅशबोर्डवर हात आपटले आणि त्याचं नाव घेऊन जे बोलले त्याचं भाषांतर मी मागितलं नाही. तिला लागलंच नाही भाषांतर.
घरी येऊन तो गोल पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. समोरचा आत वळतो, युसुफ वळायला जातो आणि अर्ध्यात थांबतो. बघणाऱ्याला वाटेल आळस केला. गुडघा अडकलाय. मला दिसतंय.

१८ जानेवारी
फोनवर लोक त्याला वाट्टेल ते लिहितायत. झोपला होतास का, पैसे घेतलेस का. उ. यु. प्रत्येक ओळ वाचते आणि मला वाचून दाखवते. म्हटलं, नको वाचूस. म्हणाली, मी नाही वाचलं तर तो एकटाच वाचेल.
तिचा प्रश्न एकच, असा कसा उभा राहिला? असा कधीच राहत नाही.
चहा गाळत राहिले.

२० जानेवारी
युसुफचा मेसेज. त्याच्या जागी खेळणारा तापाने आडवा झालाय. परवा चीनशी मॅच, जिंकलं तर पुढे, नाहीतर खलास. कोच त्याला सुरुवातीपासून उतरवणार. खूश आहे. मी लिहिलं, डॉक्टरला सांग. पुन्हा लिहिलं. फोन केला, उचलला नाही. मग उत्तर आलं, आंटी, हा गुडघा नंतर तुम्हीच नीट करा इन्शाल्ला, पण मॅच मला एकदाच मिळणार.
आता तर त्या गोलाचा डागही पुसायचा आहे त्याला. मैदानावरच.
पूर्ण मॅच. त्या गुडघ्यावर. आतलं फाटलेलं असलं आणि आणखी फाटलं, तर...
संध्याकाळी उ. यु.ला किनाऱ्यावर नेलं आणि सांगितलं. सगळं. ती थांबली. आधी विचारलं, किती वाईट आहे? म्हटलं, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण खेळू नये. मग विचारलं,
"तुझे कब से पता है?"
रविवारपासून, म्हटलं.
तिचा हात माझ्या हातात होता. तो तिने काढून घेतला आणि घराकडे चालू लागली. मी मागून गेले, थोडं अंतर ठेवून. तिने मागे पाहिलं नाही.

२२ जानेवारी
युसुफ टीममध्ये नव्हता. त्याच्या वडिलांनी मॅनेजरला फोन केला असं श्रीला गेटपाशी कळलं. मला कुणी काही सांगितलं नाही.
ती दारात आली नाही. मी एकटीच गेले किनाऱ्यावर, घरात बसवेना म्हणून. एक-एक. बरोबरी. स्पर्धेतून बाहेर पडलो. गाड्या एकामागून एक निघून गेल्या, हॉर्नसुद्धा नाही. 'पडले' नाही, 'पडलो' लिहिलंय खरं. खोडत नाही.
तो असता तर जिंकलो असतो का? श्री म्हणतो, नसते जिंकले. श्रीला फुटबॉलमधलं काय कळतं?

२५ जानेवारी
युसुफ घरी आला. मी झाडांना पाणी घालत होते. गाडीतून उतरला, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेला. लंगडत नव्हता. लंगडायचं नाही असं ठरवलेल्या माणसासारखा चालला.
मुक्ताशी बोलले. तिने त्याच्याशी फोनवर बोलून घेतलं होतं आधीच. म्हणाली, आई, तू त्याला शब्द दिला होतास. मग जरा वेळाने, पण मीही सांगितलं असतं बहुतेक. 'बहुतेक' का, ते विचारलं नाही.

२८ जानेवारी
क्लिनिकमध्ये युसुफ. रिसेप्शनवर माझंच नाव सांगितलं म्हणे. उ. यु. बाहेर गाडीत. खिडकीतून दिसत होती, काच वर, नजर समोर. आत आली नाही.
बेडवर आडवा झाला. ना सलाम, ना आंटी. छताकडे बघत. म्हटलं, दुखलं की सांग. गुडघा वाकवला, हळूच आत वळवला. सांध्यात खट्ट झालं, माझ्या बोटांना कळलं. त्याने बेडची कड घट्ट धरलेली.
"दुखतंय?"
मी हात तसाच ठेवला.
"युसुफ, दुखतंय?"
"हो," म्हणाला. मराठीत. तोंड भिंतीकडे करून.
मी पाय हळूच खाली ठेवला. एमआरआय लिहून दिला. रिपोर्ट आल्यावर बघू, म्हटलं. त्याने कागद घेतला आणि बूट घालायला वाकला. नाडी बांधताना त्याला फार वेळ लागला.