तीन पॉइंटची किक

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून तायक्वांदो. निर्णय पक्का. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण चालणं हा काय खेळ आहे? आमच्या जांबे गावात सगळेच चालतात.

क्लास हार्डवेअरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. चढताना दम लागला. जिना फार उभा बांधलाय. कोच कल्पना मॅडम, मूळच्या माले गावच्या. ब्लॅक बेल्ट आहेत, पण वजन माझ्या निम्मंही नसेल.

बॅचमध्ये आमचा भाडेकरू निषाद निघाला. हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसतो. आमच्याकडे वरच्या मजल्यावर कोपऱ्याची खोली. बरीच वर्षं शिकतोय म्हणे. भिंतीला खिळा ठोकू का, हे मला विचारायची हिंमत नाही त्याची, तो काय लढणार.

पांढरा पट्टा मिळाला. सगळ्यांच्या कमरेला दोन वेढे बसतात, माझ्या एकच. मोठ्या साइजचा मागवला.

५ नोव्हेंबर, बुधवार
आज स्पर्धेचे पॉइंट समजले. छातीच्या गार्डवर ठोसा लागला तर एक. तिथेच किक लागली तर दोन. डोक्याला किक लागली तर तीन. विषय संपला. जागेच्या व्यवहारात आमच्या घराण्याने कधी कमी भाव घेतला नाही. मी फक्त डोक्याला मारणार.

मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, पांढऱ्या पट्ट्यानं डोक्याला किक मारायची न्हाई, हितला नियम हाय. तीन पॉइंट उगाच देत न्हाईत. पाय तितपर्यंत गेला की माणूस एका पायावर असतो आन छाती उघडी. चुकली तर आपण पडतो. बसली तर समोरच्याचं डोकं हलतं. हेडगार्डनं कातडी वाचती, आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

मी मान डोलावली. नियम नवशिक्यांसाठी असतात. टेक्निकली मी नवशिका आहे, पण रक्त पैलवानाचं आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
गेलो नाही. मांड्या. कमोडवरून उठायला रेश्माला हाक मारावी लागली. बायको असावी ती याचसाठी.

१० नोव्हेंबर, सोमवार
आबांना सांगून टाकलं. माझे वडील, गेणबा पैलवान. त्यांच्या काळी पौडच्या आखाड्यात त्यांचं नाव पुकारलं की समोरचा लंगोट पुन्हा बांधायचा. आबा म्हणाले, पाय वर करून मारतुया, मग खाली काय ठेवतुया? मी म्हटलं, दुसरा पाय. त्यांनी माझे दोन्ही पाय नीट पाहून घेतले. मग म्हणाले, म्हशीला पाणी दावलं का?

आबांना मॉडर्न स्पोर्ट्स कळत नाहीत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
गच्चीवर प्रॅक्टिस. पाण्याच्या टाकीवर खडूने चेहरा काढला. निषादचा असं नाही, सहज काढला. चष्मा आपोआप निघाला.

किक चेहऱ्याच्या खाली, नळाला बसली. नळ तुटला. अख्ख्या बिल्डिंगचं पाणी गेलं. सगळे भाडेकरू जिन्यात जमले. मी खाली जाऊन बोर्ड लावला, पाणी जपून वापरावे.

अंगठा सुजलाय. पण ताकद सिद्ध झाली. लोखंडी नळ होता.

२६ नोव्हेंबर, बुधवार
पहिल्यांदा समोरासमोर. मी आणि निषाद. मॅडमचा हुकूम, फक्त छातीवर, हलक्या किक.

मी उंच किकची संधी शोधत होतो. तोवर निषाद येऊन छातीवर टप् करून मागे जायचा. परत टप्. प्रत्येक वेळी विचारायचा, मालक, लागलं का? समोरच्यावर मेंटल प्रेशर टाकायची ही पद्धत आहे. मी ओळखून आहे.

स्कोअर लिहीत नाही. सरावात स्कोअरला अर्थ नसतो.

१ डिसेंबर, सोमवार
चौदा तारखेला रविवारी क्लासचा मेळावा. घरच्यांनी यायचं, मुलं खेळून दाखवणार. मॅडम मला म्हणाल्या, तुमी खुर्च्या मांडायला या. मी म्हटलं, खुर्च्या मांडीन, पण लढणारही. त्यांनी खूप समजावलं. मी ऐकलं नाही. शेवटी निषाद म्हणाला, मॅडम, मी खेळतो मालकांबरोबर, हळूच खेळू. मॅडमनी दोघांना समोर उभं करून परत बजावलं, डोक्याला किक न्हाई.

हळूच म्हणे. घाबरलाय.

९ डिसेंबर, मंगळवार
प्लॅन असा. सुरुवातीला गरीब दिसायचं. त्याला दोन-तीनदा टप् करू द्यायचं. मग उजवा पाय, गोल, थेट कानाजवळ. तो खाली. हॉल उभा राहणार.

फायदे बरेच आहेत. एकदा हे झालं की बिल्डिंगमध्ये गाड्या सरळ रेषेत लागतील. कचरा डब्यात पडेल. आवाज चढवायची वेळच येणार नाही.

निषादच्या आईवडिलांचा नंबर भाडेकरारात आहे ना, ते पाहून ठेवलं. आपण माणुसकी सोडायची नाही.

आबा येणार नाहीत म्हणाले. माझ्यानं बघवणार न्हाई, म्हणाले. त्यांनाही निषादची दया आली असणार.

१३ डिसेंबर, शनिवार
प्रोटीनसाठी कोंबडी. पाय लवचिक व्हावा म्हणून दाराच्या कडीवर ठेवून पाहिला. कडी फार उंच बसवलीय. खिडकीवर ठेवला. मग स्टुलावर ठेवला, तिथे छान राहिला.

रेश्माने विचारलं, डोक्याला मारणार न्हाई ना तुमी? मॅडम मला बोलल्यात. मी म्हटलं, नाही. मनात जोडलं, आज नाही.

१४ डिसेंबर, बुधवार (रेश्मा म्हणते रविवार. असेल.)
मारली. पूर्ण ताकदीने.

कानात शिट्टी वाजतेय म्हणून थोडक्यात. पाय वर गेला. खूप वर. मग निषाद आडवा झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्याच्या शेजारी मॅडम आडव्या. खुर्च्या आडव्या, पाहुणे आडवे, खिडक्या आडव्या. एवढी ताकद माझ्यात असेल असं मलाच वाटलं नव्हतं.

मग सगळे माझ्याभोवती जमले. साहजिक आहे. मॅडम मला विचारत होत्या, आज वार कंचा हाय? जिंकलेल्या माणसाला विचारायचा हा प्रश्न आहे का? बुधवार म्हटलं. त्यावर मला उचलून गाडीत घातलं.

गाडीत उलटी झाली. आनंदाने होते कधीकधी. रेश्मा सगळा रस्ताभर रडत होती.

१५ डिसेंबर, सोमवार
रात्र हॉस्पिटलात. डोक्याचा फोटो काढला, तो नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय, पूर्ण विश्रांती. मोबाइल बंद, टीव्ही बंद, वाचायचं-लिहायचं नाही. म्हणून बाथरूममध्ये लिहितोय.

किक मी मारली आणि हादरा मला कसा, याचा विचार केला. उत्तर सोपं आहे. बंदूक उडवली की धक्का उडवणाऱ्यालाही बसतो.

निषादचं काय झालं असेल? आबांना विचारलं. ते म्हणाले, त्याला काय हुतंय, ऑफिसला गेलाय. मला त्रास होऊ नये म्हणून लपवतात बिचारे. स्वतः कालपासून खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसलेत. मी डोळे मिटले की हळूच नाकापुढे हात धरून श्वास बघतात.

१७ डिसेंबर, बुधवार (आज खरंच)
निषाद भेटायला आला. स्वतःच्या पायांनी, शहाळी घेऊन. चेहऱ्यावर साधा ओरखडा नाही. मी थक्क. तरुण रक्त लवकर भरून येतं.

मला भरून आलं. त्याचा हात धरून म्हटलं, माफ कर बाबा, माझी ताकद मलाच कळली नाही. तो रेश्माकडे बघायला लागला. रेश्मा आबांकडे. आबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मग निषाद म्हणाला, मालक, तुम्ही फक्त आराम करा. मनाचा मोठा आहे पोरगा. भिंतीला हवे तेवढे खिळे ठोक म्हणून सांगितलं.

तो गेल्यावर रेश्मा स्वयंपाकघरात जाऊन हसत होती की रडत होती, नीट कळलं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार
डोकं हलकं वाटतंय. शिट्टी गेली. मॅडम घरी आल्या. चिडलेल्या होत्या. चहा घेतला नाही. म्हणाल्या, नियम कशापाई असतो? मी म्हटलं, चूक झाली, पण समोरचा वाचला ना. मॅडम म्हणाल्या, समोरचा? तेवढ्यात रेश्माने त्यांना डोळ्याने काहीतरी खुणावलं आणि विषय बदलला.

जाताना दारात थांबून म्हणाल्या, म्या पळत आले तवा तुमचे डोळे उघडे हुते, पर त्यात वळख नव्हती. असं परत करू नका.

मी उठून त्यांच्यासाठी जिन्यातला दिवा लावला.

डॉक्टर हो म्हणेपर्यंत लढत बंद. नंतरही लहान मुलांच्या बॅचला पॅड धरायचं. थोडक्यात, असिस्टंट कोच.

५ जानेवारी, सोमवार
डॉक्टरांनी मोबाइल बघायला परवानगी दिली. रेश्मा म्हणाली, आता तुमाला दावते, पण चिडायचं न्हाई. मेळाव्याचा व्हिडिओ. तिनेच काढलेला.

निषाद उभा आहे. दोन्ही हात छातीपाशी. मी मोठ्याने ओरडतो. पाय उचलतो. पाय निषादच्या कमरेपर्यंत जातो आणि तिथे जरा रेंगाळतो, पुढचा पत्ता विचारत असल्यासारखा. मग माझा खालचा पाय सटकतो आणि मी पाठीवर. डोकं मॅटवर आपटतं. आवाज येतो. निषादला माझा अंगठाही लागलेला नाही. तो जागचा हललेला नाही. मॅडम उभ्या, खुर्च्या उभ्या, हॉल उभा. आडवा मी.

पुढे निषाद गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माझं डोकं धरतो. ओरडतो, कुणी हलवू नका यांना. आणि मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी धोतर वर धरून पळत येतंय, एका पायात चप्पल नाही. आबा. मॅटवर येऊन ते नुसतं माझं नाव घेत राहतात. बहिरू, बहिरू.

तेवढा भाग परत पाहिला.

रेश्माला म्हटलं, हे कुणाला दाखवू नकोस. ती म्हणाली, कुणालाच न्हाई दावलं. फकस्त माझ्या माहेरच्या ग्रुपवर टाकलं, समद्यांना काळजी लागली हुती.

ग्रुप उघडून पाहिला. सासऱ्यांनी अंगठा पाठवलाय. मेव्हण्याने विचारलंय, समोरचा मुलगा कोण? चांगला खेळतो.