टपालाच्या विमानाची चिकटवलेली पानं

बाबा,

गेल्या महिन्यात वहिनीचं पार्सल आलं. तुमचं विमानांचं पुस्तक, जवसाची चटणी, माझ्या नातीला फ्रॉक. टपालखर्च अडीच हजार. एवढ्यात दोन नवी पुस्तकं आली असती, पण तुमच्या माघारी वहिनीला तुमचं कपाट रिकामं करायचं होतं.

पुस्तक आपल्याच पानावर उघडलं. दोन महायुद्धांच्या मधलं जर्मनांचं टपालाचं विमान. मी लहान, तुम्ही स्वयंपाकघरात कढईच्या कानावरून माझं बोट फिरवताय. "रिबीट लागला ना? वाऱ्यालाही असाच लागतो. त्यांनी रिबीटांची सगळी डोकी पत्र्यात बुडवली, पुट्टी भरून घासली, चाकंसुद्धा पंखात दुमडली. का? अमेरिकेची विमानं पुढं चालली होती." आत प्रवासी चारच, तेही समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. आई म्हणायची, "माणसं कोंबली नि पत्रं पोचवली होय!" तुम्ही हसायचात.

पुढची दोन पानं मात्र एकमेकांना चिकटलेली. मी नखानं उकरायला गेले तर केवढ्यानं ओरडलात! तेवढं एकदाच. इथं परदेशात, बिशानच्या या फ्लॅटमधल्या दमट हवेनं परवा तुम्ही लावलेली खळ सुटली. आत तेच गुळगुळीत विमान, स्पेनच्या लढाईत. पत्रांच्या जागी बॉम्ब. तुम्ही दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होता बाबा. तोफगोळ्यांची कवचं घासून घरी यायचात आणि आम्हाला टपालाची गोष्ट सांगायचात. त्याच पगारावर मी मॅट्रिक झाले.

आता तुमचा नातू, माझा मुलगा. त्याची कंपनी समुद्रात उभ्या जहाजांवर औषधं पोचवणारी छोटी बिनमाणसाची विमानं करते. पंख त्यानं आखलेले. मी इमारतीत सगळ्यांना कौतुकानं सांगत होते. आता कुठल्याशा देशाच्या लष्करानं तीच मागितलीत, औषधांसाठी नाही. सोमवारी नव्या करारावर सही करायची. नाही केली तर नोकरी जाईल, इथं राहायचा पास रद्द, सगळ्यांनी परत जायचं. मी त्याला ती सुटलेली पानं दाखवली. त्यानं विमानाच्या पंखावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आई, पंखाला काय माहीत खाली काय टांगलंय?" नात मधेच, इथल्या मुलांच्या बोलीत, "आजी, आय डोंट वॉन्ट टू शिफ्ट, ला." शेवटी तो म्हणाला, "तू सांग. तू नको म्हणालीस तर नाही करणार."

रविवारच्या बुद्धवंदनेला तुम्ही पहिल्या ओळीत बसायचात. "पाणातिपाता वेरमणी", जीवहत्येपासून दूर राहण्याचं ते पहिलं शील, सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच म्हणायचात. मला तेव्हा अभिमान वाटायचा.

मी त्याला "कर सही" म्हणाले, बाबा. चपात्या लाटता लाटताच म्हणाले, मान वर केली नाही. आज सकाळी बुद्धमूर्तीपुढे बसले तर पहिलं शील तोंडातून निघेना. दुसऱ्यापासून सुरुवात केली.

तुम्ही एवढी वर्षं ते कसं म्हणत होता, तेवढं उलटटपाली कळवा.