गंगाधरची सही

॥ श्री ॥

रायपूर,
१६ जानेवारी २००८

चि. गंगाधर यास,
विनूताईचे अनेक आशीर्वाद.

सोबत संक्रांतीचा तिळगूळ पाठवते आहे. टपालात भुगा झाला तर चमच्याने खा. गोड बोल असं मी म्हणत नाही, नुसतं बोललास तरी चालेल. कुसुमचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, जबलपूरच्या थंडीत पाण्यात फार हात घालू नको. तुझा पत्ता स्वरदाकडून घेतला. समता कॉलोनीतल्या तिच्या दवाखान्यात दाढ दाखवायला गेले होते. तुझी पोट्टी माझ्याशी हिंदीतच बोलते. ‘आत्या, पापा गुस्सा नहीं हैं, बस बात नहीं करते,’ म्हणाली. रागावला असतास तर बरं होतं असं मला वाटून गेलं.

अक्षर वाकडं आलंय. यंदा रायपुरात थंडी फार आहे, बोटं आखडतात.

राजधानी झाल्यापासून गाव तुला ओळखू यायचं नाही. आपल्या पाऱ्यातल्या गल्ल्यांत बैठं घर आता शोधावं लागतं. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ तेवढी लहानमोठ्या सगळ्यांवर सारखी बसते. सकाळी वाळत घातलेलं पांढरं पातळ संध्याकाळी करडं होऊन घरात येतं.

आता मुद्द्यावर येते. आपली कन्याशाळा पाडताहेत.

आई जिथे शिकली, मी शिकले, शिकवलं आणि शेवटी मोठ्या बाई झाले, ती. तू स्वतः पहिलीपर्यंत मुलींच्या रांगेत चड्डी सावरत बसलास, ती. १९११ साली लोकांनी बांधली, पुढे सरकारकडे गेली, आणि आता त्या जागेवर खाली गाड्या आणि वर दुकानं व्हायची आहेत. मुलींना दोन वर्षांपूर्वीच दुसरीकडे हलवलं. आम्ही माजी विद्यार्थिनी चार वर्षं झगडतो आहोत. सह्या गोळा केल्या, अर्ज दिले, प्रत्येक दफ्तराचा जिना गुडघ्यांना पाठ झाला. रोज दोघी दोघी पाळीनं पडवीत बसतात, भाजी निवडतात, स्वेटर विणतात, म्हणजे कुणी रिकामी बघून कुलूप घालू नये. झाडूवाली मीराबाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी रोज सकाळी येऊन रिकामे वर्ग झाडते. मी म्हटलं, कशाला झाडतेस आता? तर म्हणते, ‘ए इस्कूल ह मोर ले जादा मजबूत हे, दीदी.’ तिच्याहून मजबूत म्हणे!

संक्रांतीचं हळदीकुंकूही तिथेच करतो. वाण देत नाही, घेतो. प्रत्येकीनं एक कवेलू आणायचा, छपरासाठी. यंदा एकशे बारा आले. एका सुनेनं तर जरीच्या पदराखाली झाकून आणला, रिक्षात लाज वाटली म्हणे.

पण दारावर नोटीस लागली आहे. इमारत जर्जर, जीविताला धोका. सुनावणी १ फेब्रुवारीला. आधार म्हणून १९९९चा एका इंजिनीअरचा अहवाल लावला आहे. आम्ही नवी पाहणी मागितली, तर सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, ‘नौ साल पहले जर्जर थी, तो क्या अब जवान हो गई?’

तुला आठवत असेल, त्याच वर्षी एका रविवारी तू शाळा पाहिली होतीस. एकेक तुळई हातोडीने ठोकून, कान लावून. मी खाली शिडी धरून उभी होते. त्या पाहणीचा तुझा कागद असेल तर लगेच पाठव. तेव्हा पुढे काय झालं, कसं झालं, त्यात आत्ता शिरत नाही.

कुसुमला आशीर्वाद.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
विनूताई


रायपूर,
४ फेब्रुवारी २००८

चि. गंगाधर,
अनेक आशीर्वाद.

तुझा लिफाफा २८ तारखेला मिळाला. आत कार्बन कॉपी होती, तुझी एक ओळही नव्हती. मी लिफाफा उलटा करून झटकलासुद्धा. वरचा पत्ता मात्र तुझ्या हातचा होता, तोच दोनदा वाचला.

नऊ वर्षं तू तो कागद जपून ठेवलास. घडीसुद्धा मोडलेली नाही. ‘तुळया सागवानी, पूर्ण पक्क्या. भिंती उत्तम. फक्त उत्तरेच्या पडवीचे कवेलू फेरावे. इमारत आणखी शंभर वर्षे वापरता येईल.’ खाली तुझी सही, १४ जून १९९९. ते मी शाळेच्या पायरीवर बसून वाचलं.

आमचा वकील भार्गव. माझ्याच एका विद्यार्थिनीचा मुलगा, फी घेत नाही, चहाला मात्र नाही म्हणत नाही. तो नाचायचाच बाकी होता. ‘आजी, अब देखना.’ आम्ही तीस जणी सुनावणीला गेलो. कागद साहेबांसमोर ठेवला. त्यांनी तो त्यांच्या फाइलमधल्या अहवालाशेजारी ठेवला आणि चष्मा पुसला.

दोन्ही कागदांवर एकच नाव. एकच सही. मध्ये अकरा दिवस. एकात इमारत शंभर वर्षं टिकेल, दुसऱ्यात छत केव्हाही कोसळेल आणि दीडशे मुली मरतील.

पलीकडचा वकील उभा राहिला. ‘साहब, इंजीनियर बिकाऊ था. जिधर से मिला, उधर दस्तख़त कर दिए.’

त्या खोलीत तुला ओळखणाऱ्या किती जणी होत्या म्हणून सांगू. माझ्यामागे सुशीला होती, तुझ्याच वर्गातली. ती हळूच म्हणाली, ‘आपला गंगाधर असा होता काय?’ मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले. बाहेर आल्यावर भार्गवनं विचारलं, ‘आजी, आपके भाई ने ऐसा काहून किया?’

मी म्हटलं, ‘मले नाही माहीत.’

गंगाधर, हे तुला कळवलंच पाहिजे असं नव्हतं. तुला कुठून कळणार होतं? पण चार दिवस जेवण गोड लागत नाही. पुढची तारीख १८ फेब्रुवारी आहे. भनपुरीहून पाडकामाचं मशीन आणून फाटकासमोर उभंही करून ठेवलंय. मीराबाई त्याच्या भोवतीनं झाडते.

त्या दुसऱ्या कागदाबद्दल तू नऊ वर्षांत कुणाला काही बोलला नाहीस. मीही बोलले नाही. तुझ्या गप्प राहण्यात आणि माझ्या गप्प राहण्यात फरक आहे, एवढं मला कळतं.

तुझी,
विनूताई


रायपूर,
१९ फेब्रुवारी २००८

गंगू,

आज आशीर्वाद लिहीत नाही. ज्यानं मला वाचवलं त्याला आशीर्वाद देणारी मी कोण?

सगळं तुला माहीत आहे, तरी मला एकदा माझ्या हातानं लिहायचं आहे. तू अहवाल घेऊन आलास तेव्हा मी मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसले होते. वाचून मी चिडले. पडवी गळत होती, मुलींच्या वह्या भिजत होत्या, आणि तू लिहिलंस इमारत उत्तम. मी म्हटलं, असल्या कागदावर भोपाळहून फुटकी कवडी येणार नाही. अर्जात रडल्याशिवाय वरच्यांना पाझर फुटत नाही, सगळ्या शाळा हेच करतात, तूही जर्जर लिही. तू उभाच होतास. म्हणालास, ‘ताई, तुळया पक्क्या आहेत. मले खोटं लिहायले नको सांगू. आज पैसे येतील, उद्या हाच कागद घेऊन कोणी पाडायले येईल.’

मी तुझ्यासमोर तो कागद फाडला. आठ दिवसांनी दुसरा लिहिला, तुझ्या भाषेत, आणि खाली तुझी सही केली. सराव करावा लागला नाही रे. पाटीवर तुझा हात धरून तुझ्या नावातलं अक्षरन् अक्षर मीच गिरवून घेतलं होतं. तुझा ध अजून माझ्यासारखाच आहे.

पैसे आले. पडवी झाली. माझ्या गळ्यात हार पडला. तुला खात्यानं विचारलं, परवानगीशिवाय असा अहवाल दिलाच कसा? तू नुसतं म्हणालास, सही माझीच. दुसरं काही बोलला असतास तर माझी नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही बघितला असता. तुझी बदली पार बस्तरच्या टोकाला, कोंट्याला झाली, स्वरदाची बारावी चालू असताना. मग राज्य वेगळं झालं, कुठलं राज्य हवं ते तुम्हा सरकारी नोकरांना विचारलं, आणि तू मध्य प्रदेश लिहून दिलंस. पाऱ्यात लोक विचारायचे, गंगाधर काहून गेला? मी सांगायची, त्याला रायपूर आवडत नाही. हेही मीच सांगायची.

काल मी उभी राहिले. भार्गवला आधी सांगितलं नव्हतं, त्यानं थांबवलं असतं. साहेबांना म्हटलं, दुसऱ्या कागदावरची सही माझ्या भावाची नाही, मी केली आहे. साहेब रागावले नाहीत. त्यांनी एक कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. ‘करके दिखाइए.’

पहिल्या पत्रात थंडीचं लिहिलं ते खोटं होतं. दोन वर्षं माझा हात कापतो. स्वरदाला माहीत आहे, तिनंच मोठ्या डॉक्टरकडे नेलं. बशीत चहा ओतून पिणं सोडलं, आता कप दोन्ही हातांनी धरते.

मी तुझं नाव लिहिलं. कोंबडीचे पाय उमटले. म्हटलं, थांबा, पुन्हा करते. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी डाव्या हातानं मनगट दाबून धरलं आणि ग च्या काठीपाशीच पेन घसरलं. जी सही मी डोळे मिटून करू शकत होते, ती खरं सांगायच्या दिवशी येईना.

पलीकडचा वकील हसला. साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, ‘माताजी, आप भाई की इज़्ज़त बचाना चाहती हैं, मैं समझता हूँ. पर इससे काग़ज़ झूठा नहीं हो जाता.’

आणि बाहेर आल्यावर आपल्याच बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. सुशीलानं डोळे पुसले. म्हणाली, ‘भावासाठी स्वतःवर घेतलं, अशी बहीण मिळायला भाग्य लागतं.’ मी ओरडून सांगितलं की अगं, खरंच मी केली. त्या हव हव म्हणत माझी पाठ थोपटत राहिल्या. खोटं लिहिलं तेव्हा हार पडला, खरं बोलले तेव्हाही कौतुकच. यापेक्षा कुणी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते.

भार्गवनं फार विनवल्यावर साहेबांनी एवढं लिहून दिलं. त्या इंजिनीअरनं स्वतः येऊन सांगावं की सही त्याची नाही. २९ फेब्रुवारी, अकरा वाजता. सांगितलं तर जुना अहवाल रद्द आणि नवी पाहणी. नाही आला तर १ मार्चला मशीन आत. आता एकशे बारा कवेलू पडवीत रचून ठेवले आहेत. ते छपरावर जातील की ढिगाऱ्यात, मला माहीत नाही. सकाळी मी एकटीच सगळ्या वर्गांतून फिरून आले. प्रत्येक तुळईखाली उभी राहिले. तुझ्या हातोडीच्या खुणा अजून दिसतात.

तू का येणार नाहीस तेही मला ठाऊक आहे. रागानं नाही. तू हिशेब केला असशील की सही माझी नाही म्हटलं तर ताईवर खटला. भार्गवही तेच म्हणतो. पेन्शन जाईल, आणखीही काय काय होईल. म्हणून तू पुन्हा गप्प बसशील. लहानपणी माझ्या हातून फुटलेल्या बरणीचा मारसुद्धा तूच खाल्लास. मी तेव्हाही दाराआड उभी राहून पाहिलं होतं.

गंगू, एकोणसत्तर वर्षांची झाले. माझं आता काय राहिलंय जे वाचवायचं? शाळा तेवढी आहे आणि तुझं नाव आहे, आणि दोन्ही मीच बुडवली. तू येऊन खरं सांग. माझ्या तोंडावर सांग. हे पत्र बरोबर आण आणि साहेबांपुढे ठेव. तुझी इच्छा नसेल तर त्या दिवशी माझ्याशी बोलूसुद्धा नकोस, सांगून परत जा. पण या वेळी मला वाचवू नकोस.

स्वरदा म्हणाली, आत्या, मैं लिख देती हूँ. मी नको म्हटलं. हे पत्र लिहायला घेतलं त्याला आज तिसरा दिवस, पण अक्षर माझं आहे. खालची सहीसुद्धा माझी आहे, आणि नाव माझंच आहे.

विनोदिनी