चार्ज कोण घेत नाही, याचा खुलासा

तीर्थस्वरूप अक्का हिस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच घातला असं समजावं. प्रत्यक्ष घातला तर मला पुन्हा उभं करायला दोन माणसं लागतील. त्यातली एक तू असशील, म्हणजे तुझा गुडघा पुन्हा गेलाच.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम स्वतः करतेस, की भाऊजींना करायला लावून नुसती बघत बसतेस? भाऊजींनाही नमस्कार. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. घरातला तिसरा, म्हणजे लॅपटॉप, मध्यंतरी अत्यवस्थ होता आणि हे पत्र त्याच्याचबद्दल आहे.

प्रथम मागच्या आठवड्यातल्या फोनचा खुलासा करतो. मी ओरडून म्हणालो होतो, "अगं, तो चार्जच घेत नाहीये, सगळे उपाय करून थकलो!" यातला 'तो' म्हणजे आमचा लॅपटॉप. तुझा मुलगा नव्हे. त्याला बँकेच्या नव्या शाखेचा चार्ज मिळालाय हे तू आम्हाला तीनतीनदा सांगितलं होतंस, त्यामुळे तुझ्या डोक्यात तोच येणार हे मला कळायला हवं होतं. पण तू पुढचं काही ऐकूनच घेतलं नाहीस. फोन आपटलास, बायकोनेच त्याला अडवलं असणार असं ठरवून टाकलंस आणि सूनबाईला चांगलं सुनावलंस. ती बिचारी रडत रडत त्याला बोलली, तो मीटिंग सोडून बाहेर आला आणि मला फोन करून अत्यंत आदराने विचारू लागला, की मामा, मी तुमचं काय घोडं मारलंय? तुझं तरी काय चुकलं म्हणा. आपल्या घरी 'चार्ज घेणे' याचा एकच अर्थ माहीत. कचेरीत मी उभ्या हयातीत कितीतरी साहेबांना चार्ज घेताना पाहिलं (आणि घेतल्यावर काहीच हालचाल न करतानाही पाहिलं, त्यामानाने लॅपटॉप बरा). असो. यापुढे महत्त्वाचं काही असलं तर ते कागदावरच मांडायचं, असं मी ठरवलंय. सूनबाईची समजूत मात्र तूच काढ. मुलगी गुणी आहे.

आता मूळ विषय. तुझ्या भावजयीच्या शाळेचे हेडमास्तर या महिनाअखेर निवृत्त होताहेत आणि संस्थेच्या मंडळींनी हिला मुख्याध्यापिका व्हाल का म्हणून विचारलंय. विचारलंय म्हणजे अगदी घरी येऊन, खुर्चीच्या कडेवर बसून. त्यातले दोघं हिचेच जुने विद्यार्थी निघाले, ते चहा पितानासुद्धा पाठ ताठ ठेवून होते. शाळेत नळ गळाला तरी प्लंबरच्या आधी हिला बोलावतात, आणि ही विज्ञानाची बाई 'हा वायसर गेलाय' असं सांगून पुन्हा वर्गात जाते. अशा बाईला विचारायचंच काय? पण हिने उत्तर काय द्यावं? 'बघू.' का बघू, तर म्हणे पुढच्या वर्षी शाळेत काय काय करायचं त्याचा आराखडा तिने लॅपटॉपमध्ये लिहून ठेवलाय, तो पुढ्यात ठेवल्याशिवाय हो म्हणणं बरं दिसत नाही, आणि लॅपटॉपने नेमका त्याच दिवशी राम म्हटला. ना दिवा, ना आवाज, ना हूं की चूं. (हा लॅपटॉप शाळेनेच मोडीत काढलेला. हिने तो मोडीतून उचलून घरी आणला आणि वर्षानुवर्षं चालवला. टाकून दिलेल्या वस्तूंची हिला फार माया. रिटायर झालेल्या नवऱ्याला ही केवढी दिलाशाची गोष्ट आहे, ते तुला समजेल.) म्हणजे अक्का, मामला सरळ होता. लॅपटॉप चालू होईल तर ही हो म्हणेल. मी कंबर कसली.

माझे उपाय तुला सविस्तर सांगत नाही, कारण तू ते भाऊजींना वाचून दाखवशील आणि ते हसतील. तरी थोडक्यात सांगतो. चार्जर काढून पुन्हा लावला. वायरीला एका बाजूने पीळ दिला, मग दुसऱ्या बाजूने. झाकणावर एक थाप मारली. (आपण रेडिओच्या जमान्यातली माणसं, आपला थापेवर विश्वास असतो.) मग अंगात दमटपणा शिरला असेल म्हणून गॅलरीत उन्हात ठेवला. शेजारणीने उशा वाळत घातल्या होत्या, त्यांच्या रांगेत तो जरा अवघडल्यासारखा दिसला. शेवटी चादरीत गुंडाळून, छातीशी धरून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने त्याला उलटा केला, खालची चिठ्ठी वाचली आणि "काका, आता याला त्रास नका देऊ," असं इतक्या मऊ आवाजात म्हणाला, की मयताला आल्यासारखा मी चपला काढण्याच्या बेतात होतो. लगेच पुढच्या वाक्याला त्याने नवीन लॅपटॉप दाखवायला काढले, तेव्हा माझं दुःख ओसरलं आणि मी घरी आलो. घरी येऊन तो स्वतःच खोलला. खोलणं सोपं असतं, अक्का, हे कुणी सांगत नाही. पुन्हा बंद केल्यावर काही स्क्रू उरले. पण हे सगळे स्क्रू आत असतानाही तो चालत नव्हताच, तेव्हा त्यांचं फारसं महत्त्व नसावं असा विचार करून मी ते एका बशीत ठेवून दिले.

शनिवारी ही दुपारीच शाळेतून आली. टेबलावर लॅपटॉप, बशीत स्क्रू, आणि माझ्या हातात लोणी लावायची सुरी (स्क्रूड्रायव्हर सापडला नव्हता). हिने आधी हात धुतले, चष्मा बदलला आणि मला समोर बसवून म्हणाली, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि काय होतंय ते फक्त बघायचं. ठोकायचं नाही." पहिल्यांदा तिने भिंतीतल्या प्लगमध्ये टेबललॅम्प लावला. लागला. म्हणजे वीज येत होती. (मी इतके दिवस लॅपटॉपला बडवत होतो, पण प्लगला विचारलंच नव्हतं.) मग चार्जरवरचा हिरवा दिवा पाहिला, तोही व्यवस्थित. मग वायर काढून ठेवली, लॅपटॉपच्या भोकात टॉर्च मारली आणि दात कोरायच्या लाकडी काडीने आतून कापसासारखी बारीक धूळ काढली. वायर लावली. काहीही झालं नाही. इथे मी तोंड पाडलं. आणि ही म्हणाली, "ठीक. म्हणजे हे नव्हतं." अक्का, हे ती ज्या सुरात म्हणाली ना, तो सूर तुला ऐकवता आला असता तर फार बरं झालं असतं. आपल्याला एखादी गोष्ट जमली नाही की आपण तिच्यावर रुसतो. हिला काय नाही ते कळलं याचाच आनंद. इतकी वर्षं हिने करून दिलेला डबा मी कचेरीत खाल्ला, पण हिचा वर्ग कधी पाहिला नव्हता. तो त्या दिवशी पाहिला, पहिल्या बाकावर बसून.

मग हिने वायर काढली, पाठीमागची बॅटरी सरकवून बाहेर घेतली आणि मला चालू करायचं बटण दाबून धरायला सांगितलं. म्हटलं, यात वीजच नाही तर दाबून काय उपयोग? म्हणाली, आत कुठे उरलीसुरली अडकली असेल ती निघून जाते. मी अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलं. मग बॅटरी बाहेरच ठेवून नुसती वायर जोडली, पुन्हा बटण दाबलं आणि अक्का, दिवा लागला! आतला पंखा घरघरला, पडदा उजळला. मी चक्क टाळ्या वाजवल्या. ही नुसती हसली, बशीतले स्क्रू एकेक करून जागच्या जागी बसवले (एकही उरला नाही) आणि निदान सांगितलं. चार्ज घ्यायचं त्राण फक्त बॅटरीत राहिलेलं नाही. बाकी लॅपटॉप ठणठणीत आहे आणि वायर लावून ठेवली की मजेत काम करील.

आराखडा उघडला, शाबूत होता. मी म्हटलं, चल, आता कळव त्यांना. तर ही म्हणते, 'बघू!' आता मात्र मी चिडलो आणि काय ते स्पष्ट सांग म्हणालो. तेव्हा हळूच म्हणाली, "मुख्याध्यापिका झाले की मी सकाळी लवकर जाणार ती रात्रीच येणार. दिवसभर घरात तुम्ही एकटे काय करणार?" आणि तिची नजर त्या लोणी लावायच्या सुरीकडे गेली. फार वाईट वाटलं, अक्का. अख्ख्या शाळेला जी हवी आहे ती बाई माझ्यापायी अडून बसलीय, आणि मी कोण, तर स्वतःचा कप विसळता न येणारा एक माजी हेडक्लार्क. त्या दिवसापासून मी सकाळचा चहा करतो. कप विसळतो. अंथरुणं काढतो. काल अंडी उकडली. (पाणी आटून जाईपर्यंत उकडली, पण उकडली.) तरी हिचं पालुपद 'बघू' ते 'बघू'च.

असो. लोभ आहेच, तो आणखी वाढवायची गरज नाही, गुडघ्याची काळजी मात्र वाढव.

तुझा धाकटा भाऊ
(निवृत्त, परंतु सध्या कामात)

ता. क. लॅपटॉपचं रामायण हे निमित्त होतं, हे तू ओळखलंच असशील. खरं काम असं, की तू हिला फोन कर आणि चांगली दटाव. ही जगात फक्त तुझं ऐकते. मी एकटा राहू शकतो असं ठासून सांग. लहानपणी आई आजारी असताना मीच घर सांभाळायचो असंही सांग. (तू सांभाळायचीस, ते मला आठवतंय. तरी सांग.) मी हे लिहिलंय हे मात्र हिला कळता कामा नये. म्हणून तर फोन न करता पत्र लिहिलं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला डिंक सापडत नाहीये. हिला विचारतो.

अक्का, नमस्कार. हे अक्षर माझं आहे, तुमच्या भावजयीचं. डिंक लावायला म्हणून ह्यांनी पाकीट माझ्याच हातात दिलं आणि 'वाचू नकोस हं' असंही सांगून गेले, त्यामुळे वाचावं लागलं.

मी संस्थेला होकार कधीच दिलाय. मंडळी घरी आली होती त्याच दिवशी, त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा. आराखडा मला तोंडपाठ आहे. ह्यांना आत येऊन सांगणारच होते, तेवढ्यात लॅपटॉप बंद पडला. रिटायर झाल्यापासून हे तोंडसुद्धा न धुता दुपारपर्यंत गॅलरीत बसून असायचे, कशातच मन नाही. मला त्याचीच काळजी लागली होती. आणि दुसऱ्या दिवशी उठून बघते तर हे माझ्या आधी उठून, दाढी करून, लॅपटॉपच्या वायरीला पीळ देताहेत. मग मला सांगवेना. माझ्यासाठी एवढं धावलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, अक्का. माझ्या हुशारीचं ह्यांनी इतकं लिहिलंय, पण तो लॅपटॉप छातीशी धरून रस्त्याने चाललेले हे मी शाळेच्या खिडकीतून पाहिले, त्याचं कुणी लिहायचं?

तेव्हा फोन जरूर करा. चांगल्या रागवा. फक्त मला एकदम पटवू नका, महिनाअखेरपर्यंत थोडं थोडं पटू दे. चहा जमलाय, अंडी जमतील, कपड्यांच्या घड्या अजून राहिल्यात. आणि फोनवर मी 'बघू' म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. हे दाराआड उभे असतात.