अकरा अर्ज अन् मामाजीचं नाव

सक्करदरा, नागपूर
सोमवार, ता. १२ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप वामनमामाजी,

कवडू तुमच्या पायावर डोकं ठेवतो अन् पत्र संपेपर्यंत उचलत नाही. उचललं तं तुमी हाणाल. खोकला कसा आहे? भिवापुरात आता आंगणभर मिरच्या वाळत असतील, त्याच्यात जास्त बसू नका. माय बरी आहे. मी बरा नाही, काहून का जे कराले नव्हतं पायजे ते करून बसलो. मामाजी, छापील कागदावर, पक्क्या शाईनं, मी तुमाले अकरा बायका करून देल्ल्या. (मामी सोडून.)

पत्र फाडू नका. पुढं तुमचंच काम आहे.

झालं असं, का आमच्या गल्लीत महिला मंडळ निघालं. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांले तिथं शिवण शिकवतात, अन् शिकल्यावर एक मदत समिती त्याइले घरी न्याले शिलाई मशीन देते, का बाईनं आपल्या पायावर उभं राहावं अन् पोरं पोसावे. मंडळाच्या प्रेमिलाबाईले अर्ज भरणारा पायजे होता. माय म्हणे, आमचा कवडू न्या, मॅट्रिकले दोनदा बसला, त्याले लिहायची सवय दुप्पट आहे. (माह्या मायचं प्रेम असं आहे.)

पहिली आली सुभद्रा. नाव झालं, गाव झालं. पतीचं नाव विचारलं तं पदर तोंडाले लावून जमिनीकडं पाहाले लागली. आपल्या इकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे मलेबी मालूम आहे. पण तो माणूस पाच वर्षं झाले पळून गेला, जाता जाता घरातले भांडे विकून गेला, अन् हे त्याचा मान राखून राहिली! मी म्हटलं, बरं उखाण्यात घे. तं म्हणे, उखाणा घ्याले माणूस घरात तं असाले पायजे भाऊ. मंग इशारे देल्ले. देवाचं नाव आहे म्हणे. कोणता देव? काळा. आता आपले अर्धे देव काळेच आहेत, मी काय सारे लिहू? कांताबाई म्हणे, 'गुणवंताचे बाबा' लिहा. तिसरी नुसतीच लाजली. आखरीले भीमाबाई. ते लाजणारी नाही.

"नाव घ्याले मले कोणाचं भेव आहे काय गा? पण नाव घ्यावं असं एक काम तं केलं असतं त्यानं! माह्यं तोंड काहून खराब करू? तूच लिही काहीतरी."

तूच लिही म्हटल्यावर माह्या अंगात आलं, मामाजी. गंमत म्हणून अकराही अर्जांवर लिहून टाकलं : पती वामनराव, राहणार भिवापूर. तुमचंच नाव काहून, हे मले अजून समजून नाही राहिलं. म्हटलं, प्रेमिलाबाई वाचतील, कान पिळतील, मंग खरे नावं शोधून आणू. पण त्याइनं न वाचताच सह्या ठोकल्या अन् तशाच रिक्षात बसून अर्ज देऊन आल्या.

आठ दिवसांनी समितीचे कृष्णकांत साहेब तपासाले आले. बायका रांगेत बसवल्या. मी दाराआड. साहेब म्हणे, "सुभद्राबाई, तुमचे पती वामनराव, भिवापूरचे, बरोबर?" आता पाहा, नाही म्हणावं तं साहेब विचारन, मंग कोण? म्हणजे नाव घ्यावं लागते. सुभद्रेनं पदर ओढला अन् मान हालवली. तिच्या मांगं नऊजणीइनं तसंच. भीमाबाईनं मातर दाराकडं, म्हणजे माह्याकडं, एक डोळा टाकला अन् म्हणे, "तसलाच होता एक."

साहेबानं चष्मा काढून डोळे पुसले. एकटा माणूस, अकरा संसार उजाड! मशिनी तिथंच मंजूर. मी खरं खरं लिहिलं तं दोनदा नापास, अन् खोटं लिहिलं तं अकराच्या अकरा पास. मामाजी, माह्यं डोकं चालून नाही राहिलं.

पुढचं हासण्यावारी नेऊ नका. सुभद्रेचे दोन पोरं तीन वर्षांपासून दूर बालगृहात आहेत. मायच्या हाताले काम असन तवाच पोरं परत, असं तिथलं म्हणणं. मशीन आल्यावर तिले ब्लाउजाचं काम भेटलं, अन् पोरं ह्या शुक्रवारी येऊन राहिले. पोरीसाठी तिनं अंदाजानं फ्रॉक शिवला. पोरगी किती वाढली असन ते मालूम नाही, म्हणून खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलं.

पण पळालेले नवरे मशीनचा वास लागला का वापस येतात अन् विकून खातात. म्हणून समितीले नवऱ्याची सही पायजे. कृष्णकांत साहेब बुधवारी तुमच्याकडं येऊन राहिले. तुमी 'ह्या बाया माह्या नाहीत' म्हटलं तं अकराही मशिनी उचलून नेतील. मी खोटं बोला म्हणत नाही. कागदावर इतकंच आहे, का मशीनवर माझा हक्क नाही. आहे काय तुमचा हक्क? नाही ना? मंग खऱ्यावरच सही आहे. फक्त त्या दिवशी दाढी करू नका, अन् जरा नालायक दिसा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
कवडू

ता. क. बुधवारी मामीले कुठं तरी पाठवा. साहेबानं एखादी न टाकलेली बायको पाहिली तं त्याचा हिशेब चुकन.

आणखी ता. क. मामी दात दाखवाले इथं नागपुरात धंतोलीच्या डॉक्टरकडं आली होती ना, तवा मंडळातबी येऊन गेली. म्हणे, पानसुपारीचे पैसेही तुह्या मामाजवळ मागावे लागतात, मीबी शिवीन. तिनंही तुमचं नाव घेतलं नाही. अन् तुमचं नाव बाराव्यांदा लिहाले मलेच लाज वाटली, म्हणून तिच्या अर्जावर तुमच्या शेजारच्या धोंडबाचं लिहिलं. तोबी पास झाला. साहेब तुमच्याकडून थेट त्याच्याच घरी जातील.

मामाजी, कोणाले सांगू नका. मायले नाही, मामीले नाही, धोंडबाले तं बिलकुल नाही. मले माराचं असन तं शनिवारी या, मी घरीच आहे. पण शुक्रवारपर्यंत कोणाजवळच बोलू नका. पाया पडतो.