तेल गप्प होईपर्यंत

सिस्टर, सकाळपासून गॅसवर तेल ठेवलंय आणि ते बोलतंय तोवर मला इथून हलता येणार नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. शाळा सुटल्यानंतर मी कोणालाच सिस्टर म्हटलं नाही. दवाखान्यातल्या नर्सलासुद्धा मी बाई म्हणते. त्यामुळे एवढ्या वर्षांनी हा शब्द कागदावर काढला आणि पाठ आपोआप ताठ झाली. काळजी करू नका, डोकं भिंतीला टेकवलेलं नाही.

लिहायचं कारण असं, की माझ्या सुनेला आज दुपारपर्यंत एक उत्तर हवंय. ती दापोलीला शेतकी शिकलेली, हुशार आणि घाईची मुलगी आहे. आमच्या घरी होणारं जास्वंदीचं तेल बाटल्यांत भरून गणपतीत बचत गटाच्या स्टॉलवर ठेवायचं तिने ठरवलंय. चाकरमानी येतात, आंबापोळीबरोबर एक बाटली नेतील असा तिचा हिशोब. बाटल्या आल्या, बुचं आली, लेबल तेवढं राहिलंय. लेबलावर तिला लिहायचंय 'पणजीची रीत', आणि शेजारी चित्र हवंय एका म्हातारीचं, मोठ्ठा अंबाडा आणि त्यावर अबोलीचा वळेसर. "आई, तुमच्या आजीचा एखादा फोटो सापडतो का बघा ना," असं ती काल तीनदा म्हणाली. माझी आजी सिस्टर, दुकानातली हिरवी बाटली आणायची आणि संपेपर्यंत लावायची. तिने आयुष्यात पळीभर तेल घरी काढलं नाही. ही रीत तुमची आहे. ते आता जगात मला एकटीलाच माहीत आहे आणि कोणाला सांगायचं नाही असं मी तुम्हाला कबूल केलं होतं. सुनेचं छापू दिलं तर तुमचं जे तुम्हाला मिळायला हवं ते दुसऱ्याच्या नावावर जातं, आणि खरं छापलं तर माझा शब्द जातो. ह्या दोन्हींच्या मध्ये मी पळी घेऊन उभी आहे.

आमच्या वर्गाची ती मागची भिंत तुम्हाला आठवत असेल. जूनमध्ये तिला चुना लागायचा आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिच्यावर तपकिरी डागांची एक ओळ उठायची, कुठे वर, कुठे खाली, जिची जेवढी उंची तिथे. शाळेत तेल लावून यायचं नाही असा नियम होता, पण घरोघरी दुसराच नियम होता. माझी आई म्हणायची, "कोरड्या डोक्याने पोर बाहेर पाठवली तर लोक म्हणतील, हिला घरी कोण नाही." म्हणून ती सकाळी माझ्या डोक्यावर तेल थापायची आणि कपाळावर आलेला ओघळ पदराने पुसून मला शाळेत ढकलायची. एकदा तुम्ही तिला बोलावून घेतलंत. ती ठेवणीतलं पातळ नेसून आली, मी तिच्या मागे, आणि तुम्ही तुमच्या त्या मराठीत म्हणालात, "हा बघा. दर वर्षी आम्ही चुना मारतो. दर वर्षी मुलींचा डोका परत इथेच."

आईने भिंतीजवळ जाऊन डाग न्याहाळले. मग मला हाताला धरून तिथे उभं केलं, माझ्या डोक्यावर तळवा ठेवला आणि तिचा चेहरा फुलला. "हा आमचाच. गेल्या दिवाळीत आले होते तेव्हा हिचा डाग त्या खिळ्याच्या खाली होता. बघा सिस्टर, वाढली की हो पोर." रागावायला बोलावलेली बाई अशी हरखून गेलेली तुम्ही पूर्वी पाहिली नसणार. तुम्ही हसू दाबायला गेलात आणि ते नाकातून निघालं. त्यानंतर तुम्ही माझी वेणी हातात घेतलीत. मला वाटलं, आता ओढणार. तुम्ही ती नाकापाशी नेलीत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "तुम्ही तेल जाळता."

आमच्या वाडीत आईच्या तेलाचं नाव होतं. घाण्यावरचं खोबरेल मोठ्या आंचेवर उकळायचं, त्यात जास्वंदीची पानं, माका, कढीपत्ता टाकायचा आणि सगळं कोळसा होईपर्यंत ढवळायचं. आई म्हणाली, "काळं झाल्याशिवाय औषध उतरेल कसं?" तुम्ही म्हणालात, "काळा झाला म्हणजे मेला." शेवटी आई म्हणाली, "मग या एकदा आणि दाखवा." तिने ते रागाने म्हटलं होतं. तुम्ही खरंच याल असं तिला वाटलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी, चर्चमधल्या कोणा आजारी बाईला भेटून परतताना तुम्ही आमच्या मागच्या दाराने आलात. मी पाट मांडते, तुम्ही पाट बाजूला सारून सरळ विळीवर बसता आणि नारळ खोवायला लागता, माझ्या आईपेक्षा भरभर. मी तोंड उघडं ठेवून बघत राहते. तुम्ही केरळात जन्मलात, तुमच्याही घरामागे माड होते, तुमचीही आई तेल काढायची, हे सगळं आम्हाला त्या दिवशी कळलं. तोवर मला वाटायचं की सिस्टर शाळेतच जन्मतात. तुम्ही नारळाचं दाट दूध काढलंत, पितळेच्या कढईत मंद आंचेवर ठेवलंत, आणि म्हणालात, "आता कोणी बोलू नका. तो बोलेल." दूध आटत आलं तशी कढई बारीक तडतडायला लागली. तेल सुटलं, तुपाला येते तशी तळाशी तांबूस बेरी बसली. तेल गाळून तुम्ही त्यात जास्वंदीची वाटलेली पानं घातलीत, पुन्हा तडतड. "बोलतो आहे तोवर पाणी आहे. गप्प झाला की लगेच उतरव. एक मिनिट जास्त नको." तेल गप्प झालं. तुम्ही उतरवलंत. ते हिरवं होतं, सिस्टर. आईने पळी उजेडात धरून पाहिली आणि काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं होतं.

फजिती मात्र दोघींचीही झाली. आईने ती बेरी वाटीत काढली आणि माझं कोपर ओढून त्यावर घासायला सुरुवात केली, कारण घरात जे उरतं ते माझ्या कोपरावर घासायचं अशी तिची पद्धत होती, डाळीचं पीठ असो की लिंबाची साल. तुम्ही किंचाळलातच जवळजवळ. "अहो, हे खायचा असतो. गूळ घालून." मग तिघींनी ती गुळाबरोबर खाल्ली आणि माझं एक कोपर आईने तसंच धुवून टाकलं, जरा नाराजीनेच. निघताना तिने तुम्हाला कोकमतेलाचा गोळा दिला, घरी बिया कुटून केलेला, हाताच्या मुठीचे ठसे असलेला पांढरा गोळा, कारण तुमच्या सपातांतल्या टाचांच्या भेगा तिने बघून ठेवल्या होत्या. काही दिवसांनी तुम्ही मला व्हरांड्यात थांबवलंत आणि अगदी हळू विचारलंत, "तुझ्या आईचा साबण छान आहे, पण त्याला फेस का येत नाही?" मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई हसता हसता चुलीपुढे बसली. "अगो, टाचेला लावायचं ते. सिस्टरांना सांग, आणि उरलं तर पेजेत घाला म्हणावं." ते सांगायला मी गेले तर तुमचा चेहरा असा झाला, की पायाला लावायचं ते पेजेत घालणारी माणसं कसली, हे तुम्हाला विचारायचं होतं पण सभ्यपणा आड आला.

पण त्या रविवारची एक गोष्ट मी अजून लिहिली नाही. तेल निवत होतं तेव्हा तुम्ही कपाळावरून हात फिरवून म्हणालात, "डोक्यात फार आग होते. दिवसभर हे कापड, आणि इथला घाम." आई म्हणाली, "सोडा ते फडकं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आईनेही पाहिलं आणि म्हणाली, "तू बाहेर जा गो. जास्वंदीची पानं आण." पानांची टोपली भरलेली होती, पण मी गेले. मागच्या चिऱ्याच्या पायरीवर दाराकडे पाठ करून बसले. आतून पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मग आईच्या तळव्याचा आवाज आला, थप, थप, थप, माझ्या डोक्यावर यायचा तसाच, आणि तुमचा एक लांब सुस्कारा. बाकी काही नाही. बऱ्याच वेळाने तुम्ही बाहेर आलात, कापड जागच्या जागी, आणि माझ्यापुढे वाकून म्हणालात, "आमच्यात केसांचं कौतुक करत नाहीत. कोणाला सांगायचा नाही. तेलाचं पण नाही." मी मान डोलावली. सोमवारी वर्गात नेहमीचा वाद होता, सिस्टरांना केस असतात की तुळतुळीत असतं. माझ्या बाकावरची मैत्रीण चकोटच्या बाजूने होती आणि हरणारीने मीठ लावून अख्खी कैरी द्यायची होती. पायरीवर ऐकलेलं नुसतं सांगितलं असतं तरी ती कैरी माझी झाली असती. वाद चालू असताना मी पेन्सिलीला टोक काढत बसले.

त्यानंतर दर महिन्याला एकदा तुमची आजारी बाई आमच्या वाटेवर लागायची. वाडीतल्या बाया विचारायला लागल्या, "वहिनी, तेलाचा वास बदलला हो. कुठे शिकलात?" आई सहज म्हणून गेली, "आमच्या आईची रीत." तिथून ही पणजी सुरू झाली. तुमची बदली झाली तेव्हा तुम्ही मला एक घडी दिलीत, तुमच्या जुन्या डोक्याच्या कापडाचा तुकडा, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ. "ह्याने गाळ. नवा कपडा तेल पितो." आईने त्याची विरून जाळी होईपर्यंत त्यातूनच तेल गाळलं. आणि तुम्ही देवाघरी गेल्याची बातमी आम्हाला फार उशिरा कळली, त्या दिवशी तिने मला, तेव्हा कडेवर माझा मुलगा होता, खाली बसवलं आणि माझ्या डोक्यावर तेल थापलं. मी विचारलं, "आई, आता तरी सांग. केस होते का गो? कसे होते?" ती म्हणाली, "शब्द दिलाय ना. गेलेल्या माणसाला दिलेला तर जास्त सांभाळायचा. तो परत करायला जाणार कोणाकडे?" तीही आता नाही, आणि जाताना ते बरोबर घेऊन गेली.

माझे स्वतःचे केस आता नारळाच्या शेंडीपेक्षाही विरळ झालेत, म्हणून लेबलावर केस वाढतील असं काही लिहायचं नाही हे मी सुनेला आधीच सांगून ठेवलं. केस देव देतो, आपण नुसता विंचरायचा, असं तुम्ही म्हणायचात. मघाशी हे लिहिता लिहिता ती मोबाइल घेऊन आलीच. "ठरलं का आई? पणजी?"

"पणजी नको. नुसतं लिही, जास्वंदीचं तेल, मंद आंचेवरचं."

"आणि चित्र?"

"चित्र काढ. पण बाईचं डोकं झाकलेलं हवं."

"केसांच्या तेलावर केस न दिसणारी बाई? अहो आई, लोक हसतील."

"हसू देत. हसतील ते बाटली हातात घेऊन हसतील."

हे तिला पटलं. तिने बोटाने मोबाइलवर पदर काढला, काठासकट. मी काठ पुसायला लावला. तिने कुंकू काढलं. मी म्हटलं, "कुंकू नको." तिने विचारलं, "विधवा आहे का?" मी म्हटलं, "नाही गो, तिला नटायची हौस नव्हती." पदर कानामागे सारखा करायला सांगितला, गोल चष्मा घालायला सांगितला, ओठ असे की हसू नाकातून निघेल. ती म्हणाली, "ही पणजी नाही हो वाटत. हेडमिस्ट्रेस वाटते. हिच्यापुढे तेल लावायची भीती वाटेल." मी म्हटलं, "मग अगदी बरोबर आलीय." आहे कोण ही, असं तिने दोनदा विचारलं. मी तिला पानं आणायला परसात पाठवलं. टोपली भरलेलीच होती.

तर सिस्टर, बाटलीवर तुम्ही आहात आणि मी कोणाला काही सांगितलेलं नाही. हे कागद मी कुठे पाठवणार नाही, संध्याकाळी न्हाणीच्या चुलीत घालणार आहे, म्हणजे आईचाही शब्द राहील. तेल आत्ता गप्प झालं, उठायला हवं. एवढंच सांगायचं राहिलं, की चित्रात मी एक गोष्ट माझ्या मनाने घातली. मानेपाशी कापड थोडं फुगीर काढायला सांगितलं. सुनेने विचारलं, आत काय आहे, आणि मी म्हटलं, वेणी. लांब.