मढ्याच्या भूमिकेला वारस

मी, प्रताप गोविंद दाभाडे, वय बासष्ट, मूळ नाशिकचा, सध्या राहणार बिन महमूद, दोहा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. सोमवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. हृदय नादुरुस्त असले तरी डोके जागेवर आहे. या बाबतीत पत्नी शशिकला हिचे मत वेगळे आहे. पण कायद्याला डॉक्टरांचा दाखला पुरतो आणि तो सोबत जोडला आहे.

मंडळींनो! (हा शब्द साक्षीदार स्वप्ना हिने खोडायला सांगितला. मृत्युपत्रात सभा भरवत नाहीत म्हणे. खोडला असे समजावे.)

१. नाशिकचा फ्लॅट, बँकेतील ठेवी आणि कंपनीकडून येणारी ग्रॅच्युइटी शशिकलेला मिळावी. तिच्या पश्चात मुलगी पूर्णिमा हिला. पूर्णिमाला टोरांटोला फोन करून हे कलम वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, प्लीज, डोन्ट बी सो ड्रमॅटिक." तिला मराठी अजून समजते याचा हा पुरावा.

२. सत्कारात मिळालेल्या सर्व शाली नाटकाच्या कपडेपटाला द्याव्यात. दोह्याच्या भर उकाड्यात माणसाला शाल पांघरवणाऱ्या आपल्या मराठी मंडळाची रसिकता मी आयुष्यभर टाळ्या घेत सहन केली.

३. माझी पुस्तके सध्या आमच्या हॉलमधल्या, नाटकाच्या तालमीच्या खाटेखाली आहेत. खाट बुटकी पडत होती. 'कला ही चैन नव्हे, प्राणवायू आहे' हे व्याख्यान मी याच पुस्तकांच्या जोरावर वर्षानुवर्षे दिले; मूठ आपटून, लालबुंद होऊन. स्वतः कधी ब्रश धरला नाही, गाणे म्हटले नाही. अखेर व्यासपीठावरच छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी भाषणे बंद केली. प्रयोगानंतर पुस्तके मंडळाने न्यावीत. वाचली नाहीत तरी चालेल, उंचीला उपयोगी आहेत.

४. आता मुख्य मिळकतीकडे वळतो. आमचा दिग्दर्शक कैवल्य मुशैरिबच्या ऑफिसातून सुटून थेट आमच्या हॉलमध्ये तालमी घ्यायला येतो. भाषणबंदीनंतर त्याने मला विचारले, "काका, एक रोल आहे. एकही वाक्य नाही."

"म्हणजे काय करायचं?"

"मेलेलं असायचं."

मी अपमान गिळला आणि आडवा झालो. शशिकला नाटकात माझी विधवा आहे. पूर्णिमा टोरांटोला गेल्यापासून ती आवाज बंद करून टीव्ही बघत बसायची. दिवसभरात "जेवण वाढलंय" एवढेच बोलायची आणि गोळी घेऊन झोपायची. कैवल्यने बळेच तिच्या हातात संहिता दिली. एका तालमीत ती माझ्या उशाशी विलाप करत असताना मला झोप लागली. ती थांबली आणि संहितेत नसलेले वाक्य बोलली, "अगं बाई, मेल्यावरसुद्धा घोरतोय हा माणूस!"

सगळे हसले. तीही हसली, हुंदका घेऊन, पोट धरून. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. तिचे हसणे इतके मोठे आहे हे विसरलो होतो. आता तिच्या गोळ्या डब्यात पडून असतात. माझाही रक्तदाब उतरला. डॉक्टरांनी विचारले, "औषध बदललंत?" मी सांगितले, "नाही, मेलो." पुढे मी कलेच्या सामर्थ्यावर बोलू लागलो तेव्हा त्यांनी मला तोडले, "काका, झोप सुधारली, आनंद आहे. पण ब्लॉकेज नाटकाने जात नाही." म्हणून सोमवार.

५. माणूस गेला की कार्यक्रम रद्द करायचा आणि शोकसभा घ्यायची, ही मंडळाची रीत. अशा सभांचा मुख्य वक्ता नेहमी मीच. मी गेलो तर मात्र शोकसभा नको. एकवीस तारखेचा प्रयोग झालाच पाहिजे. शशिकलेला कोणी "आता कसं उभं राहणार तुम्ही" असे विचारून घरी बसवू नये. त्या टीव्हीसमोर ती परत बसली तर मी खरोखर मेलो असे समजेन. तिने उभे राहायचे की नाही, हे तिनेच ठरवावे. पण तालीम आमच्याच हॉलमध्ये व्हावी, म्हणजे नकार द्यायलाही तिला त्या खोलीत यावे लागेल.

६. मढ्याची भूमिका मी मंडळाचे अध्यक्ष रमाकांत चांदवडकर यांना देतो. माझ्या शोकसभेत ते तासभर बोलले असते. त्याऐवजी त्यांनी दोन अंक गप्प पडावे. आमचे जुने वैर यात फिटेल, शिवाय त्यांचाही रक्तदाब जास्तच आहे.

७. मी वाचलो तर कलम सहा रद्द. भूमिका माझी आहे.

वाचन झाल्यावर प्रकाशयोजना करणारा मुदस्सिर, रत्नागिरीचा, पेन हातात धरून म्हणाला, "म्हंजे सही पन मीच करायची, आनि मिलनार पन काय नाय?" साक्षीदाराला काही मिळत नसते, हे त्याला समजावले. "खलास," म्हणून त्याने सही केली.

स्वप्नाने हळूच विचारले, "काकू, आणि काका शुद्धीवर यायला वेळ लागला तर? ते ठीक आहेत हे आपल्याला कळणार कसं?"

शशिकला संहिता पाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, "घोरतील की."

साक्षीदार: मुदस्सिर अबूबकर मुकादम (सही)
साक्षीदार: स्वप्ना केदार जोर्वेकर (सही)
लिहून ठेवणार: प्रताप गोविंद दाभाडे (सही)

बिन महमूद, दोहा. शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५. तालमीपूर्वी.